रिछाईचं पिस्तूल आणि उमाठ्यांची स्कूटर

माझ्या हातून आयुष्यात एकच पिस्तूल चाललं, आणि तेही रिछाईत बनलेलं. जबलपुरात राहून एवढं तरी व्हायलाच हवं होतं. ज्या गावात घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या फॅक्टरीत आणि फॅक्टरीत सगळं लढाईचं सामान, तिथे डॉक्टरीणबाईंनी तेवढं रिकाम्या हाताने का राहावं?

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे जिचं तोंड पेशंट सहसा बघत नाही आणि जिची सही झाल्याशिवाय सर्जनचं पान हलत नाही, अशी डॉक्टर. मी नेमकं काय करते हे माझ्या आईला शेवटपर्यंत लोकांना सांगता आलं नाही. "रक्त-लघवी तपासते," असं ती म्हणायची आणि घाईघाईने पुढे जोडायची, "पण आहे डॉक्टरच!" नेपियर टाउनमध्ये एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत माझी लॅब होती. एका खोलीत मी आणि मायक्रोस्कोप, दुसरीत आमचे टेक्निशियन दुबेजी आणि त्यांचा ट्रान्झिस्टर.

या मागच्या खोलीतून मला पेशंटसमोर आणून बसवलं ते गाठीच्या सुईने. अंगावर कुठे गाठ आली, की ती साधी की कॅन्सरची हे ठरवायला पूर्वी ती कापूनच काढावी लागे. भरती व्हा, भूल घ्या, टाके घाला, आणि एवढं करून साधी निघाली तर 'सुटलो बुवा' म्हणून घरी जा. सुईचं काम त्या मानाने सुटसुटीत. इंजेक्शनची बारीक सुई गाठीत घालायची, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून धरायचा आणि सुई आतल्या आत वेगवेगळ्या दिशांना पुढेमागे हलवायची. सुईच्या पोकळीत पेशींचा कणभर गर येतो. तो काचेच्या पट्टीवर फासायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. गाठीशी चार गोष्टी बोलून यायचं आणि तिचा स्वभाव ओळखायचा, एवढाच हा धंदा.

अडचण हाताची. एका हाताने गाठ पकडून ठेवायची, म्हणजे सिरिंज धरणं आणि दट्ट्या ओढणं ही दोन्ही कामं उरलेल्या एका हाताने करायची. यासाठी परदेशी बनावटीची एक मूठ मिळायची, पिस्तुलासारखी. सिरिंज तिच्यात बसवायची आणि घोडा दाबावा तसा दट्ट्या मागे खेचायचा. ती मागवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मग रिछाईतला, म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीतला, एक लेथवाला माझ्याकडे आला. त्याच्या मानेला गाठ होती. लेथवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कण उडाला, की तो चुंबकाने काढायचा अशी रीत. मानेची गाठ हाही असाच आत रुतलेला कण असणार, असं त्याच्या मित्रांनी ठरवलं आणि आठवडाभर पाळीपाळीने तिला चुंबक लावला. गाठ काही बाहेर आली नाही. मी सुई घातली, तर टीबी निघाला. औषधांनी गाठ विरघळली आणि पठ्ठ्या खुशीत येऊन म्हणाला, "मॅडम, मेरे लायक कोई काम?" मी चित्र काढून दिलं. पुढच्या खेपेला त्याने ॲल्युमिनियमची मूठ आणली, इतकी गुळगुळीत की नजर ठरेना. जबलपुरात बनलेलं, पण कुणाचाही जीव न घेणारं हे एकच हत्यार असेल.

दुबेजींबद्दल एक सांगायलाच हवं. काचेवर फासलेला गर वाळवायला ठेवला, की त्यावर माशा येत आणि तो चक्क चाटून जात. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं. एकदा अशीच एक काच मी मायक्रोस्कोपखाली घातली, तर आत एकही पेशी नाही, नुसत्या माशांच्या पायांच्या नक्ष्या. तेव्हापासून दुबेजी काचा वाळेपर्यंत हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन पहारा देत. कारगिलच्या लढाईच्या उन्हाळ्यात ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्या, की ही गुंडाळी फार जोरात चालायची.

त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट.

फॅक्टऱ्यांमध्ये तेव्हा ओव्हरटाइम चालू होता. माणसं सकाळी जात ती केव्हा परत येतील याचा नेम नसे. रजा मागायची कुणाला हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मागावीशीही वाटत नव्हती. आपण बनवलेलं वर पहाडात पोचतंय, या विचाराने अख्खं गाव ताठ झालं होतं. आजारपणं मात्र सगळ्यांनी लढाई संपेपर्यंत पुढे ढकललेली. माझ्याकडे गर्दी कमी झाली, ती काही लोक बरे झाले म्हणून नव्हे.

अशा एका दुपारी सुमनताई उमाठे आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, माहेर वर्ध्याचं. सोबत रात्रपाळी करून थेट आलेले नवरा देवराव आणि शेजारच्या शुक्ला भाभी. देवराव फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. तयार झालेल्या मालाच्या लॉटमधून काही नग काढून तपासायचे आणि लॉट पास की फेल ते ठरवायचं, हे त्यांचं काम. घरातही ते बहुधा तेच करत असावेत, कारण खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी माझं टेबल, पंखा आणि दुबेजी तिघांनाही तपासून घेतलं.

सुमनताईंच्या डाव्या स्तनात गाठ होती. मी हात लावला आणि माझं मन खट्टू झालं. दगडासारखी कडक, कडा वेड्यावाकड्या, वरची कातडी आत ओढलेली. कॅन्सरच्या गाठीचं पुस्तकात जे वर्णन असतं, तेच. सर्जननी स्तन पूर्ण काढायचा निर्णय सांगून सोमवारची तारीखही दिली होती. सुई ही आपली रीत म्हणून. चिठ्ठी पाठवण्याआधी त्यांचा फोन आला होता, "मैडम, इसमें तो सुई की भी ज़रूरत नहीं थी. फिर भी देख लीजिए." सर्जन भला माणूस, हात सोन्याचा, फक्त त्या हातावर जरा जास्तच भरवसा.

सुमनताई टेबलावर बसल्या, पण माझा हात धरून. "मॅडम, गाठीले लोखंड लागलं का ते पसरते म्हणतात ना जी?"

हे मी हजारदा ऐकलेलं. मला कायम याची गंमत वाटत आली. आयुष्यभर लोखंडात हात घालून पोट भरणारी माणसं, पण गाठीला लोखंडाची सुई लावू द्यायची नाही! मात्र ही नुसती गंमत नव्हे. कटंगीकडची एक बाई टेबलावर माझं पिस्तूल बघून उठली आणि चपला हातात घेऊन पळाली. ती पुढच्या वर्षी परत आली, तेव्हा गाठ फुटून तिची जखम झाली होती. सुईची गरजच उरली नव्हती. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मला अजून दिसतात. त्या दिवसापासून मी पिस्तूल रुमालाखाली ठेवू लागले.

"नाही पसरत," मी सुमनताईंना म्हटलं. "आणि सोमवारी तर सर्जन अख्खा सुराच लावणार आहेत. त्यापेक्षा माझी सुई बरी नाही का?"

त्यांना हसू आलं. शुक्ला भाभींना मात्र आलं नाही. त्यांनी विचारलं, "दर्द कितना होता है, मैडम?"

"चींटी जितना."

"और अगर गाँठ छोटी हो, तो भी पता चल जाता है?"

"चल जाता है, भाभी. पर इनकी छोटी नहीं है."

देवराव पुढे सरसावले. "मॅडम, राग नका मानू. आमच्याकडे कोणत्या लॉटमधून किती नग काढाचे हे ठरलेलं असते. तुम्ही एकच सुई टोचून पुऱ्या गाठीचं सांगून राहिले. हे कसं?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुठल्या डॉक्टरनेही इतका नीट विचारला नव्हता. मी सांगितलं, टोचणं एकदाच, पण आत सुई पंख्यासारखी फिरते, चार ठिकाणचा माल येतो. त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर विषय संपला. नाही दिसल्या, तर मात्र लगेच सुटका नाही. सुई चुकून बाजूला गेली असेल. मग हाताला काय लागलं, पेशंटची हकीकत काय, सुई काय म्हणते, हे तिन्ही जुळवून बघायचं. जुळलं नाही, तर पुन्हा सुई, नाही तर कापून तुकडा.

"म्हणजे फेल तर पक्कं फेल," देवराव म्हणाले. "पास असलं तरी सही लगेच नाही कराची."

"अगदी तसंच."

"मग तुमचं-आमचं काम एकच आहे," असं म्हणून ते बाहेर जाऊन बसले. पंखा, टेबल आणि मी पास झालो होतो. दुबेजींचं काही कळलं नाही.

मी सुई घातली. सुमनताईंनी शुक्ला भाभींचा हात धरला होता आणि सुई सुमनताईंना टोचत असताना डोळे मिटले होते ते भाभींनी. काचा रंगून आल्यावर मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. कॅन्सरच्या पेशी कशा असतात ते सांगते. त्या शिस्त मोडलेल्या दिसतात, लहानमोठ्या, गडद, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मी त्यांची वाट बघत होते, आणि त्या काही येईनात. समोर होती मेलेली चरबी, तेलाचे थेंब, आणि ते तेल खाऊन फुगलेल्या फेसाळ पेशी. घरात काही सांडल्यावर ते पुसायला आलेल्या बायांसारख्या.

चरबी अशी मरते ती बहुधा मार लागून. मार लागला की आतली चरबी मरते, तिथे कडक गाठ बनते, कातडी आत ओढते आणि कॅन्सरचं हुबेहूब सोंग घेते. भलेभले सर्जन फसतात. पण एवढ्या गाठीला मारही तेवढाच जबर हवा. मी दुसरी सुई घातली. पुन्हा तेच.

मी सुमनताईंना विचारलं, "छातीला कधी मार लागला होता का?"

"नाही जी!" इतकं चटकन आणि इतकं ठाम, की मी चमकले. त्यांची नजर दाराकडे गेली. दाराबाहेर देवराव बसले होते.

आमच्या धंद्यात अशा नजरेचा एकच अर्थ काढायची सवय लागते. बाईला मार लागलाय, बाई सांगत नाही आणि बाई दाराकडे बघते. मला देवरावांचा असा संताप आला म्हणून सांगू! नमुने काढतो म्हणे, इन्स्पेक्टर! मी दार घट्ट लावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हटलं, "सुमनताई, घाबरू नका. मी कुणालाही काही बोलणार नाही. ते हात उचलतात का तुमच्यावर?"

"काहून उचलतीन? ते तं झुरळही मारत नाही. मलेच माराव लागते."

तेवढ्यात कोपऱ्यातून विचित्र आवाज आला. शुक्ला भाभी तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

"बता दे, सुमन," त्या म्हणाल्या. "अब तो बता दे. मर्द की इज़्ज़त जा रही है."

मग सगळं बाहेर आलं. देवरावांची एक स्कूटर होती. दर रविवारी पुसायची, पावसात काढायची नाही, कुणाला द्यायची नाही, अशी. कामाला ते फॅक्टरीच्या बसने जात आणि स्कूटर अंगणात कापड पांघरून उभी. इकडे बाजार, गॅस, पोरींचे क्लास, सगळं सुमनताईंवर, आणि ऑटोवाल्यांची मिनतवारी करून त्या कंटाळलेल्या. शुक्ला भाभींचे मिस्टर रेल्वेत, सदा लाइनवर, त्यामुळे भाभींना स्कूटर केव्हाची येत होती. दोघींनी मिळून बेत केला. देवराव बसमध्ये चढले, की कापड निघायचं. होळीनंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुमनताईंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर पिळला आणि स्कूटर थेट कॉलनीच्या भिंतीला. हँडल छातीत बसलं. महिनाभर निळं-काळं होतं. हळद लावली, पोलकं गळ्यापर्यंत घातलं, आणि गप्प.

"पण मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "सर्जननी विचारलं तेव्हा?"

"ते बाजूलेच बसले होते ना!"

सोमवारी बाईचा स्तन जाणार होता, आणि बाईला धाक होता तो नवऱ्याच्या स्कूटरचा! मला हसावं की रागवावं कळेना. दोन्ही केलं, आधी दुसरं. मग मी देवरावांना आत बोलावलं. पेशंटचं गुपित माझ्या तोंडून जाणार नव्हतं, म्हणून सुमनताईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं.

देवराव म्हणाले, "मडगार्डवरचा ओरखडा?"

"हाव."

"म्हणजे तो दूधवाल्याच्या सायकलीचा नाही?"

"नाही ना."

"मी त्याले बदलला! त्याच्याशी भांडलो! नवा तं निव्वळ पाणी आणून देऊन राहिला!" आणि एवढं बोलून तो माणूस स्टुलावर बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. सुमनताई घाबरून म्हणाल्या, "अहो, रंग मारून घेऊ ना." त्यावर तो म्हणाला, "स्कूटर गेली खड्ड्यात. तू वाचली ना." मी खिडकीकडे तोंड केलं. माझेही डोळे भरून आले होते, आणि इन्स्पेक्टरसमोर मला ते दाखवायचं नव्हतं.

तरी मी 'कॅन्सर नाही' असं लिहिलं नाही. जे दिसलं तेच लिहिलं. मेलेली चरबी, फेसाळ पेशी, कॅन्सरची पेशी दिसली नाही, मार लागल्याची हकीकत जुळते. सर्जनना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "स्कूटर?"

"स्कूटर."

"हाथ तो मेरा अब भी कैंसर ही कह रहा है."

"इसीलिए कह रही हूँ, सिर्फ़ गाँठ निकालिए. पूरी छाती नहीं. गाँठ मैं देख लूँगी."

सोमवारी त्यांनी फक्त गाठ काढली. मी तिचे पातळ काप करून इंच न् इंच बघितला. चरबी, नुसती मेलेली चरबी. सर्जन स्वतः लॅबमध्ये आले, मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बघत राहिले आणि जाताना दुबेजींना पेढे देऊन गेले. मला नाही. सर्जन लोकांचा स्वभाव असा असतो.

लढाई संपली. दसऱ्याच्या सुमारास लॅबच्या दाराशी स्कूटर थांबली. रंग नवा, चालवणाऱ्या सुमनताई. मला वाटलं टाक्यांची खूण दाखवायला आल्या असतील. पण त्यांच्या मागून शुक्ला भाभी उतरल्या, पदर मुठीत आवळलेला.

"मी नाही मॅडम," सुमनताई म्हणाल्या. "ह्या."

भाभी टेबलावर बसल्या. मी हात लावला. उजवीकडे, आत खोल, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी गाठ.

"कब से है, भाभी?"

"उस दिन भी थी," त्या म्हणाल्या. "सुमन के साथ आई थी, तब भी."

तेव्हा मला ते प्रश्न आठवले. दुखतं किती? गाठ लहान असली तरी कळतं का? त्या सुमनताईंसाठी विचारत नव्हत्या.

मी रुमाल बाजूला केला. भाभींनी पिस्तूल बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सुमनताईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "डरो नको, भाभी. स्कूटर से कम लगता है."

या वेळी पेशींनी वाट बघायला लावलं नाही. गडद, बेशिस्त, एकमेकींवर चढलेल्या. फेल तर पक्कं फेल. मी मायक्रोस्कोपवरून उठले, बाहेर जाऊन भाभींच्या शेजारी बाकावर बसले आणि सरळ सांगितलं, कारण आडून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. आणि हेही सांगितलं, की लहान आहे, लवकर आलात, काखेत काही लागत नाही, म्हणजे पसरल्याची खूण नाही. त्या रडल्या नाहीत. सुमनताईच रडल्या, दोघींच्या वाटचं. ऑपरेशन झालं. पुढचे उपचार नागपूरला झाले, तेव्हा भाभी उमाठ्यांच्या नागपूरच्या नातेवाइकांकडे राहिल्या आणि वऱ्हाडी जेवण शिकून आल्या.

आता मी लॅब सोडली. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जाड सुईने तुकडाच काढतात, ते अधिक पक्कं असतं. काळ पुढे जातो, जावाच. रिछाईचं पिस्तूल माझ्या कपाटात आहे. कटंगीच्या त्या बाईसाठी मला अजून वाईट वाटतं. तिच्या शेजारी कुणी स्कूटरवाली नव्हती.

निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या उन्हाळ्यातली एक दुपार आहे. मी आत मायक्रोस्कोपपाशी होते. बाहेर स्कूटरचा आवाज आला, मग कुणा तरुण बाईचं रडणं. "नहीं, मुझे नहीं कराना. लोहा लगेगा तो फैल जाएगा." मी उठणार, तोवर बाहेरून ओळखीचा आवाज आला, आता जरा म्हातारा झालेला, पण ठणठणीत. शुक्ला भाभी.

"चुप," त्या तिला म्हणत होत्या. "मुझे देख. इतने साल हो गए. चल अंदर, स्कूटर से तो कम ही लगता है."